निकालानंतरचे यशवंतराव

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडविला. यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनीच निवडून आले. एस. एम. जोशी विरोधात उभे ठाकले होते. आचार्य अत्र्यांची लेखणी तर निर्दयपणे चालत होती. तथापि मुख्यमंत्री यशवंतरावांनी विरोधकांच्या मागणीतील न्याय ओळखला, दिल्लीचे मन वळविले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य साकारले. चिनी आक्रमणानंतर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर त्यांची निवड बिनविरोध झाली. निकालानंतर गंगाखेडच्या पारावर ज्या मित्रांत अबोला धरला जातो, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे: प्रतिपक्षाचे रास्त म्हणणे मान्य केल्याने विजेत्याची उंची घटत नाही.