कार्सनबाई आणि माशातले विष

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल येथे २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. १९३२ साली त्यांनी प्राणिशास्त्रात एम.ए. केले. १९३५ साली वडील वारले आणि घरचा भार त्यांच्यावर पडला. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन त्या सरकारी मत्स्य खात्यात लागल्या. दिवसा खात्याची पत्रके लिहायची आणि रात्री स्वतःचे लेखन, असा क्रम त्यांनी पंधरा वर्षे चालवला. त्याची किंमत आम्हा नोकरदारांना चांगली कळते. १९५१ साली समुद्रावरचे त्यांचे पुस्तक गाजले आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

१९६२ साली त्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' आले. त्यात कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तळ्याची हकीकत आहे. चिलटे मारण्यासाठी १९४९ साली तळ्यात डीडीटीच्या जातीचे डीडीडी सोडले. प्रमाण पाण्याच्या सात कोटी भागांस एक भाग. १९५४ साली मात्रा थोडी वाढवून पुन्हा सोडले. त्या हिवाळ्यात ग्रीब नावाचे शंभरावर पाणपक्षी मेले. पुढे मेलेल्या ग्रीबांच्या चरबीत दर दहा लाख भागांत १,६०० भाग विष निघाले. पाण्यातले विष सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत साठत गेले होते.

कीटकनाशक कंपन्यांनी बाईंवर टीकेची झोड उठवली. कर्करोगाने अंग पोखरले असतानाही १९६३ साली त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या. पुढे समुद्रकाठच्या पेलिकन पक्ष्यांची अंडी डीडीटीमुळे पातळ कवचाची होऊन घरट्यातच फुटतात, असे आढळले. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि पेलिकन हळूहळू सावरले. आपल्याकडेही शेतीतील डीडीटीला १९८९ पासून बंदी आहे.

पण फवारणी काही थांबलेली नाही. निपाणी भागातील तंबाखूच्या आणि उसाच्या रानांतले पाणी ओढ्यांतून वेदगंगा-दूधगंगेला मिळते. बेळगावची मार्कंडेय घटप्रभेला मिळते. या सगळ्या नद्या कृष्णेत जातात आणि कृष्णा समुद्रात. वाटेत तेच मासे बगळा खातो, खंड्या खातो आणि आपणही खातो. फवारणीचा पंप आणि औषधाचे रिकामे डबे ओढ्यात धुवू नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे. बाप्पांची मूर्तीही शाडूची, साध्या रंगाची असावी. ज्या पाण्यात आपण बाप्पांना निरोप देतो, ते पाणी निर्मळ राखणे हीसुद्धा त्यांची सेवाच आहे, असे आम्हांस वाटते.