भंडाऱ्यावरचे आप्त

फाल्गुन वद्य द्वितीया ही श्रीतुकोबारायांच्या सदेह वैकुंठगमनाची पुण्यतिथी. शके १५७१ म्हणजे इ. स. १६५० मधील या तिथीचे स्मरण करताना त्यांच्या चरित्रातील एका मर्माचे चिंतन घडावे.

इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात घोर दुष्काळ पडला. मेघ रुसले, धरणी करपली. देहूच्या या सधन वाण्याचा व्यापार बुडाला. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतोबाही गेला. सृष्टीच्या कोपाने ज्याचे घर असे उजाड केले, त्याने सृष्टीशी वैर धरावे, हाच लोकव्यवहार. महाराजांनी मात्र सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि भंडारा डोंगराचा एकांत धरला.

तेथे वृक्षवेली, पशुपक्षी हेच त्यांचे गणगोत झाले. त्या आप्तभावाचा अभंग आजही घरोघरी गाइला जातो. चातकाची तहान, वासरासाठी हंबरणारी गाय, मातीत पडलेले बीज, साखरेचा कण वेचणारी मुंगी यांतून त्यांच्या वाणीने परमार्थ उकलून दाखविला. विशेष हे की, महाराज वनात गुंतून राहिले नाहीत. तेथे लाभलेले धन त्यांनी देहूच्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला उभे राहून लोकांना वाटले.

बीजेच्या माध्यान्ही देहूत नांदुरकीच्या वृक्षाखाली भाविक पुष्पवृष्टी करतात. ज्यांना तेथे जाणे घडत नाही, त्यांनी आज अंगणातील तुळशीला पाणी घालताना महाराजांचे स्मरण करावे. तीही त्यांच्याच गोतातली आहे.