थोर गणिती लाग्रांझ



बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला आणि तो खड्डा झाला. असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातले काही मात्र मोठे शिस्तीचे. गुरू हा सर्वांत मोठा ग्रह ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं तेही जातात, पण त्याला धडकत नाहीत. असा पहिला दगड दिसण्याच्या १३४ वर्षं आधीच एका माणसानं त्याची जागा कागदावर काढून ठेवली होती.

त्यांचं नाव झोझेफ लुई लाग्रांझ. त्यांचा जन्म २५ जानेवारी १७३६ रोजी इटलीतल्या तूरिन शहरी झाला. वडील सरकारी खजिनदार होते, पण त्यांनी घरचा पैसा सट्ट्यात घालवला. सट्टा म्हणजे काय, ते आपल्या कापसाच्या मुलखात सांगायला नको! पोरानं वकील व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. लाग्रांझ यांना मात्र गणिताचं वेड लागलं. एकोणिसाव्या वर्षी ते तोफखान्याच्या शाळेत गणित शिकवू लागले. पैसा गेला म्हणूनच आपल्याला गणित मिळालं, असं ते पुढं मानत.

१७६६ साली ते बर्लिनला गेले. तिथं १७७२ साली त्यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला. सूर्य आणि ग्रह दोघंही ओढत असताना तिसरी वस्तू कुठं टिकेल?

त्यांचं उत्तर तुम्हीही काढून पाहा. कंपासनं वर्तुळ काढा. मधोमध सूर्य. वर्तुळावर एक टिंब द्या, तो गुरू. आता कंपास तेवढाच उघडा ठेवा, टोक गुरूवर टेकवा आणि दोन्ही बाजूंना वर्तुळावर खूण करा. एक खूण गुरूच्या ६० अंश पुढं, दुसरी ६० अंश मागं. झालं! या दोन जागी दगड असला, तर थोडा इकडंतिकडं सरकूनही तो तिथंच घुटमळतो आणि गुरूसोबत फिरत राहतो. पण आकाशात असं खरंच काही असेल, असं खुद्द लाग्रांझ यांनाही वाटलं नव्हतं.

१७८७ साली ते पॅरिसला गेले. दोनच वर्षांत तिथं राज्यक्रांती झाली. १७९३ साली परदेशी लोकांना पकडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, म्हणून ते वाचले. पण पुढच्याच वर्षी त्या लव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. लाग्रांझ यांना फार वाईट वाटलं, तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही. मीटर आणि किलोची मापं ठरवण्यातही त्यांचा हात होता. दुकानात आपण कापड मीटरनं घेतो, तेव्हा त्यांचीच आठवण व्हावी. १० एप्रिल १८१३ रोजी ते पॅरिसला वारले.

पुढं २२ फेब्रुवारी १९०६ रोजी जर्मनीतल्या माक्स वोल्फ यांना गुरूच्या पुढं, अगदी सांगितलेल्या जागी, एक लघुग्रह सापडला. त्याला ग्रीक वीर अकिलीजचं नाव दिलं. असे लघुग्रह आता दहा हजारांहून जास्त सापडले आहेत. ट्रॉयच्या लढाईतल्या वीरांवरून त्यांना ट्रोजन म्हणतात.

अशा एकूण पाच जागा आहेत. तीन ऑयलर यांनी शोधल्या, दोन लाग्रांझ यांनी, पण पाचांनाही लाग्रांझ यांचंच नाव आहे. आपलं आदित्य-एल १ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, अशाच एका जागेभोवती जाऊन फिरू लागलं. त्या नावातला एल म्हणजे लाग्रांझ!

मित्रांनो, लाग्रांझ यांना आपलं उत्तर आकाशात कधीच दिसलं नाही. पण रीत बरोबर होती, म्हणून ते खरं निघालं. गणित चुकलं तर पाटी पुसा, पण बाजूला ठेवू नका. आणि मायबापांनो, घरी गेल्यावर आपल्या पोरांकडून ती दोन टिंबं नक्की काढून घ्या.