नारायणराव बालगंधर्व आणि आपल्या दिंडीची कॅसेट



आपल्या दिंडीच्या सामानात वीणा, पखवाज, टाळांची पेटी आणि राहुट्यांचे बांबू यांच्याबरोबर बरीच वर्षं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात कॅसेट असत. बहुतेक कीर्तनांच्या, आणि एक बालगंधर्वांची. बोरीवलीच्या ज्या मंडळींनी ती पहिल्यांदा वारीत आणली त्यांना वाटलं, सगळे खूश होतील. झालं उलटंच. तेव्हाचे आपले विणेकरी बुवा म्हणाले की नाटकवाल्याचं गाणं माउलींच्या वाटेवर वाजायचं नाही. त्यावरून दोन मुक्काम धुसफूस चालली. या शतकमहोत्सवी अंकात गायक-वादकांची चरित्रं यावीत असं ठरलं तेव्हा आम्हाला पहिली आठवण त्या डब्याची झाली. म्हणून नारायणरावांचं हे चरित्र.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 चा. मूळ गाव सांगलीकडचं नागठाणे. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी बालगंधर्व हे नाव दिलं असं सांगतात, आणि तेच जन्मभर टिकलं. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. त्या काळी बाईमाणूस रंगभूमीवर येत नसे, पुरुषच लुगडं नेसून स्त्रीभूमिका करत. नारायणराव शकुंतला झाले, भामिनी झाले, रुक्मिणी झाले, आणि मोठमोठ्या घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला, अंबाडा घालायला लागल्या. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून हे ऐकलेलं आहे. नुसतं पुस्तकातलं नाही.

12 मार्च 1911 ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग मात्र थांबवला नाही. तोंडाला रंग लावून ते उभे राहिले आणि गायले. यात कौतुक करावं की हळहळावं, आम्हाला अजून ठरवता येत नाही. घरात बाईवर काय बेतलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

1913 साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी निघाली. 'स्वयंवर' 1916 चं, 'एकच प्याला' 1919 चं. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, अशी साथ. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त 'मानापमान' झालं. खर्चाला मात्र हात मोकळा, फारच मोकळा. खरे शालू, खरी अत्तरं. मंडळीवर कर्ज चढलं तेव्हा चाहते म्हणाले, आपण फंड गोळा करू. नारायणरावांनी नको म्हटलं आणि गाऊन कर्ज फेडलं. पण शहाणपण आलं नाही, हेही लिहायला हवं. आपल्या फडाचा हिशेब त्यांच्या हाती कुणी दिला नसता.

आता कान्होपात्रेकडे येऊ, कारण आपला संबंध तिथं आहे.

'संत कान्होपात्रा' हे नाटक 1931 साली आलं. लेखक नारायण विनायक कुलकर्णी, चाली मास्तर कृष्णरावांच्या. मंगळवेढ्याच्या गणिकेची पोर, तिच्या रूपाची वार्ता बेदरच्या बादशहापर्यंत गेलेली, त्याची माणसं न्यायला आलेली, आणि तिनं पांडुरंगाच्या पायावर देह ठेवला. आपण दर वारीला राऊळात दक्षिणेच्या बाजूला तिच्या तरटीच्या झाडाला हात जोडतो, ती हीच. या नाटकात नारायणरावांनी संतांचे अभंग म्हटले. चोखोबारायांचा जोहार त्यातच आहे, आणि शेवटचा भैरवीतला कान्होपात्रेचा धावाही. तेव्हा त्यांचं वय 43. अंग सुटलेलं, सोळा वर्षांची पोर काही दिसत नसणार. तरी लोक रडत.

बोरीवलीपर्यंत विजेची गाडी 1928 साली आलेली होती. आपल्या दिंडीची पहिली पिढी त्या गाडीनं मुंबईला उतरून हे नाटक बघून आली होती आणि सकाळच्या गाडीनं परत येऊन कामावर गेली होती, असं आमचे थोरले सांगत. तिथं ऐकलेल्या चाली इथल्या एकादशीच्या भजनात शिरल्या. कुणी नोटेशन आणलं नव्हतं. डब्यात बसल्या बसल्या गुणगुणत आणल्या, त्यामुळे थोड्या वाकड्याच आल्या, आणि आजही आपल्याकडे त्या तशाच म्हणतात.

मग बोलपट आला आणि नाटक मंडळ्या बसल्या. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणराव एकनाथ महाराज झाले, शांतारामबापूंच्या हाताखाली. चित्राचं आधीचं नाव 'महात्मा' होतं, सरकारनं ते चालू दिलं नाही. सहा चित्रांचा करार असून एकावरच गाडी थांबली. जन्मभर लुगड्यात वावरलेला माणूस, त्याला कॅमेऱ्यापुढं पुरुष होऊन उभं राहणं जड गेलं असावं. पुन्हा नाटकाकडे वळले, पण तो बहर गेला तो गेलाच. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांत आणि त्यांच्या आयुष्यात आल्या. त्यावरून लोकांनी त्यांना फार बोललं. पाय अधू झाले, उभं राहवेना, तेव्हा बसून भजनं गाऊ लागले. 1964 साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच साली गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 ला नारायणराव गेले. तो आषाढाचा शुद्ध पक्ष होता, एकादशी दोन-तीन दिवसांवर. पालख्या वाटेवर होत्या, वाखरी जवळ आली होती.

त्यांच्या मागं राहिलं ते गाणं तबकड्यांत. 78 गतीच्या त्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. नाटकात एकेका पदाला वन्समोअर घेत जो माणूस पंधरा-वीस मिनिटं खेळवायचा, त्याला तबकडीनं कोंबडं आरवायच्या आत उरकायला लावलं. ते गेल्यावर एच.एम.व्ही.नं ही सुटी गाणी मोठ्या तबकड्यांवर एकत्र आणली आणि पुढे त्यांच्या कॅसेट निघाल्या. आपल्या डब्यात होती ती त्यातलीच. एका बाजूला भामिनी, रुक्मिणी, सिंधू, दुसऱ्या बाजूला कान्होपात्रा. माणसाची पंचवीस-तीस वर्षं तासाभरात कानावरून जातात. तरुणपणी आवाज कसा सरळ सुटतो आणि पुढे तोच सूर कसा हळू, जपून टाकला जातो, हे सलग ऐकलं तरच कळतं. सुट्या तबकड्यांनी ते कळत नव्हतं. बसून गायलेली शेवटची भजनं मात्र त्या कॅसेटमध्ये नव्हती, ही आमची हुरहुर.

बुवांचा आक्षेप काय होता तोही नीट सांगायला हवा, कारण ते आता नाहीत. ते म्हणत, अभंग सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो. एकानं म्हणायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही बैठक झाली, वारी नव्हे. दुसरं, तान आली की शब्द मागं पडतो. हे खोटं म्हणवत नाही. तरण्या मंडळींपैकी कुणी गोहरबाईंचा विषय काढून आगीत तेल ओतलं, त्यावर मात्र बुवांनीच त्याला गप्प केलं. शेख महंमद कोण होते, लतीफ कोण होते, विचारलं, आणि माणसाचं घर बघायला आपण वारीत आलेलो नाही म्हणून सांगितलं.

शेवटी तोड निघाली ती अशी. चालताना, रिंगणात, भोंग्यावर ती कॅसेट नाही. मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर ज्याला ऐकायची त्यानं राहुटीत लहान टेपवर हळू आवाजात ऐकावी. बुवा बाहेर झोपायचे. दुसऱ्या की तिसऱ्या साली त्यांनी झोपायची जागा राहुटीच्या कनातीला लागून घेतली. कुणी काही विचारलं नाही. वाखरीच्या मुक्कामात भैरवी संपून टेपचं बटण वर उडालं, तेव्हा बाहेरून आवाज आला की जोहार पुन्हा लावा, तो नीट ऐकू आला नाही.

भोंग्यावर त्यांनी ती शेवटपर्यंत लावू दिली नाही. तो नियम आपण अजून पाळतो. आता गाणी मोबाइलमध्ये आहेत, टेप बंद पडला आहे. डबा मंडळाच्या कपाटात खालच्या फळीवर आहे, कॅसेट त्यातच आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी एकादशीला भजनानंतर यावं.