वीणेचा पहारा : दादासाहेब कन्नमवार

माउली, शताब्दीच्या या स्मरणिकेत दिंडीतल्या थोरामोठ्यांसोबत दिंडीबाहेरच्या एका लोकसेवकालाही दंडवत घालावा, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. ते म्हणजे मारोतराव ऊर्फ दादासाहेब कन्नमवार, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. आपल्या फडाशी त्यांचं नातं जोडायचा आमचा आग्रह नाही. ते आपल्या मातीतले, आणि त्यांनी जन्मभर लोकांची कामं केली, एवढं आम्हाला पुरे.

दादासाहेबांचा जन्म १० जानेवारी १९०० चा, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातला. चंद्रपूर आणि गडचिरोली तेव्हा एकच होते; गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. धानाची बांधी, तलाव, बोड्या आणि त्यापलीकडे जंगल, असा हा मुलूख. पावसाळ्यात नदी-नाले भरले की गावाचा गावाशी संबंध तुटायचा. घरची गरिबी. पोटासाठी त्यांनी वर्तमानपत्रं विकली. ज्या बेलदार समाजात ते जन्मले तो लहान, विखुरलेला. मागे मोठ्या जातीचं बळ नाही की जमीनजुमला नाही. तरुणपणीच काँग्रेसच्या कामात पडले, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. माणसं जोडणं हीच त्यांची मिळकत.

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्यप्रदेशात, राजधानी नागपूरला असताना, ते आरोग्यमंत्री झाले. झाडीपट्टीतल्या माणसाला दवाखाना किती लांब असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे १ मे १९६० ला विदर्भासह महाराष्ट्र झाला. वेगळा विदर्भ मागणारे आपल्याकडे तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत. नव्या राज्याच्या मंत्रिमंडळात दादासाहेब बसले हे त्यातल्या कितीकांना रुचलं नाही. आपल्या दिंडीतही दोन्ही मतांची माणसं आहेत, म्हणून त्याचा निवाडा आम्ही करत नाही. एवढं खरं, की आपल्याच माणसांची नाराजी अंगावर घेऊन त्यांनी काम केलं.

१९६२ च्या हिवाळ्यात चीनचं आक्रमण झालं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला सावलीचे आमदार कन्नमवार मुख्यमंत्री झाले. पेपर विकणारं पोर राज्याच्या गादीवर बसलं! दुसऱ्याच दिवशी चीनने लढाई थांबवली, पण देशाची काळजी थांबली नाही. दारूगोळ्याचे कारखाने हवे होते. आपल्या भद्रावतीची आयुध निर्माणी त्याच युद्धानंतरची. ती इकडे यावी म्हणून दादासाहेबांनी खटपट केली, असं इथली जुनी माणसं सांगत आली. त्या कारखान्याने या भागातल्या कितीतरी घरांत चूल पेटवली.

पण दिवस थोडेच होते. २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाला तेव्हा दोनच दिवस झाले होते. सारं जग त्या बातमीत होतं. इकडे चांद्याच्या खेड्यापाड्यांत मात्र घरचं माणूस गेलं. मुख्यमंत्रिपद मिळालं ते एक वर्ष चार दिवस. पदावर असताना वारलेले ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. काही दिवस पी. के. सावंतांनी कारभार पाहिला, मग ५ डिसेंबरला विदर्भातलेच वसंतराव नाईक आले.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा कोणाच्या मालकीची नसते. पहिल्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये भुईला टेकवायची नाही, एवढाच नेम. कोणाचा पहारा दोन तासांचा, कोणाचा भल्या पहाटेचा. किती वेळ उभा राहिला हे कोणी विचारत नाही. वीणा खाली टेकली का, हे विचारतात. दादासाहेबांनी ती लढाईच्या धामधुमीत गळ्यात घेतली आणि श्वास थांबेपर्यंत सांभाळली.

आज मुंबईत विक्रोळीला कन्नमवारनगर आहे. आपल्याकडे चामोर्शी तालुक्यात रेगडीच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. मुंबईतल्या नगरात कामकऱ्यांना छप्पर मिळालं, इथल्या पाण्यावर धान पिकतं. गरिबाघरच्या माणसाला याहून वेगळी समाधी कशाला पाहिजे?

येत्या शंभर वर्षांत आपल्यातली पोरं सरपंच होतील, तलाठी होतील, कोणी आमदारही होईल. त्यांनी खुर्चीवर बसताना ही वीणा आठवावी, एवढंच दिंडीचं मागणं. दादासाहेबांना आम्हा सर्वांचा दंडवत. रामकृष्णहरि.