विजारीतले पाय

मध्यंतरी लेकीकडे अमेरिकेत गेले होते. बोस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरपाशी, गाड्यांच्या वर्दळीत, खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थाचा ब्राँझचा पुतळा आहे. हे चार्ल्स समनर, गुलामगिरीविरुद्ध लढलेले सिनेटर. लेक म्हणाली की हा पुतळा एका बाईनं केलाय, आणि मी थांबलेच.

त्या बाईचं नाव अ‍ॅन व्हिटनी. जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊनचा. आधी ती कविता करायची. १८५९ मध्ये संग्रहही निघाला. शिल्पकलेकडे वळली तेव्हा तिशी उलटली होती. (आपल्याकडे या वयात बाईला भिशीशिवाय काही नवीन सुचवत नाहीत!) पुढे रोममध्ये राहून तिनं काम केलं. १८७३ मध्ये तिच्या राज्यानं वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसाठी सॅम्युअल अ‍ॅडम्स यांचा पुतळा तिच्याकडे सोपवला. म्हणजे ती काही नवखी नव्हती.

१८७४ मध्ये समनर वारले. बोस्टनमध्ये त्यांच्या पुतळ्याचं घाटत होतं, म्हणून १८७५ मध्ये स्पर्धा ठेवली. शिल्पकारांनी छोटे नमुने द्यायचे, पण नावाशिवाय. अ‍ॅननं समनरना खुर्चीत बसवलं. परीक्षकांना तिचाच नमुना पसंत पडला. मग कळलं की ही तर बाई! पुरुषाचे पाय बाईनं घडवायचे, हे सभ्यतेला धरून नाही असं ठरलं आणि काम गेलं थॉमस बॉल यांच्याकडे. त्यांचा पुतळा बोस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये आहे.

हे ऐकताना मला माझी शिल्पकार मैत्रीण आठवली. एका गावच्या समितीपुढे ती नमुना, खर्चाचा अंदाज, चौथऱ्याचा नकाशा, सगळं घेऊन गेली होती. नकाशा कुणी उलगडलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, की शिडीवर कोण चढणार? ती स्वतःच चढते, गेली वीस वर्षं!

अ‍ॅननं आपली कल्पना सोडली नाही. पंचवीस वर्षांनी, म्हातारपणी, तोच समनर तिनं पूर्ण आकारात घडवला. १९०२ मध्ये तो हार्वर्डजवळ उभा राहिला तेव्हा तिनं ऐंशी गाठली होती. १९१५ मध्ये ती गेली.

मी पुतळ्याला फेरी मारली, पाय निरखून पाहिले. चांगले विजारीत झाकलेले की हो! फोटो काढला आणि तिथूनच मैत्रिणीला पाठवला.