मूकपटांचे जनक कै. दादासाहेब फाळके

कै. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. पोथीच्या घरातून निघून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणे किती लांबचे असते, हे भिक्षुकाच्या घरी वाढलेल्या आम्हांस कोणी सांगावयास नको. मुंबईची कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, नंतर गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय. तेथेच प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले.

पुढे मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट त्यांनी पाहिला, आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांना लागला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा विकत घेऊन आले. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी दागिने तर दिलेच, पण मंडळींचा स्वयंपाक आटोपून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात लागला.

त्याच वर्षी तो आमच्या सुरतेस आला. येथील नवाबी थिएटरात पहिल्या दिवसाचे उत्पन्न किती? अवघे तीन रुपये! रात्रभर चालणारे नाटक पाहणाऱ्या सुरतकरांस दीड तासाच्या खेळासाठी तीन आणे जड वाटले. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, आणि तीही दोन मैल लांबीची. आम्ही हिशेब करून पाहिला. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा, फुटास सोळा चित्रे; म्हणजे चित्रांचा आकडा जवळजवळ खरा ठरतो. दोन मैल मात्र भरत नाहीत. सत्यवादी राजाच्या जाहिरातीत एवढी अतिशयोक्ती खपून गेली, आणि प्रेक्षकही आले.

आज त्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच उरली आहेत. तीही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ती पाहताना सत्ययुग दिसेल ह्या अपेक्षेने कोणी बसू नये. दिसतात ती त्या काळची माणसे. तारामती झालेले साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. जलक्रीडेच्या प्रसंगी ओल्या लुगड्यांतील राणीच्या सख्या पुरुषच आहेत, हे लपत नाही. रोहिदास होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. दाजीशास्त्र्यांचा हा नातू धनुष्यबाण घेऊन आपल्यासमोर उभा राहतो. त्या पिढीतील आमच्या स्वतःच्या पूर्वजांचे चालणे-हसणे कसे होते, हे पाहावयास आमच्याजवळ काय आहे? एखादा पिवळा पडलेला फोटो, तोही श्वास रोखून काढलेला.

१९१९ सालचा 'कालियामर्दन' पुष्कळसा शिल्लक आहे. त्यात कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभी ती साध्या रूपात येते, नाना भाव चेहऱ्यावर आणते, आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ज्या फिल्मवर हे सारे टिपले, ती नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत अशी कित्येक रिळे जळाली. देशात निघालेल्या तेराशेंहून अधिक मूकपटांपैकी तीसही उरलेले नाहीत.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी त्यांची एक छोटी फिल्म मात्र काही अंशी उरली आहे. तीत ते स्वतः फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात.